जुन्या धाटणीच्या रायफलचे वजन : नळीत किती आणि दस्त्यात किती?

गोदाकाठ_परभणी
नमस्कार मंडळी,
माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यात असतो आणि तेथील ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकांच्या नेमबाजी मंडळाचा सभासद आहे. एकोणिसाव्या शतकात जेकब आणि सॅम्युअल हॉकेन हे बंधू सेंट लुईस येथे ज्या धाटणीच्या रायफली घडवत असत, तशी अर्ध्या दस्त्याची (म्हणजे दस्त्याचे लाकूड नळीच्या तोंडापर्यंत न नेता अलीकडेच थांबवलेली) नवी रायफल तो एका कारागिराकडून करून घेणार आहे. कारागिराने त्याला चार प्रश्न विचारले आहेत. अष्टकोनी नळीच्या समोरासमोरच्या पैलूंमधील अंतर ७/८ इंच हवे, १५/१६ हवे की पूर्ण १ इंच, बोर (नळीच्या आतल्या पोकळीचा इंचातील व्यास) .४५ हवा, .५० की .५४, नळीची लांबी किती असावी, आणि दस्त्याला लाकूड कोणते लावावे.

भाऊ उभ्याने नेम धरतो आणि त्याच्या उजव्या खांद्याचे दुखणे जुने आहे, म्हणून एकूण वजन चार किलोच्या आत राहावे अशी त्याची इच्छा आहे. त्याच्या मंडळातील अनेकांनी ‘हलके लाकूड घे’ असा सल्ला दिला. मला तो सल्ला पटत नाही, कारण माझ्या मते अशा रायफलचे खरे वजन पोलादात असते आणि लाकडाचा वाटा मर्यादित असतो. मात्र भावाला नुसते मत नको आहे, त्याला आकडे हवे आहेत. यंत्रकाम, सुतारकाम आणि नेमबाजी जाणणारी माणसे येथे आहेत, म्हणून हा धागा काढला आहे.

वाळूज_लेथ
काका, आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते कागदावर सिद्धही करता येते. पोलादाची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे ७.८५ ग्रॅम असते. अष्टकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे पैलूंमधील अंतराचा वर्ग गुणिले ०.८२८, त्यातून बोरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ वजा करावे, उरलेल्याला लांबीने आणि घनतेने गुणावे, की नळीचे वजन मिळते. आतल्या आट्यांची (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांची) खोली मी हिशेबात धरलेली नाही, कारण तिने फरक फार थोडा पडतो.

३० इंच लांबीची, .५० बोरची, सर्वत्र सारख्याच जाडीची नळी घेतली, तर १ इंची नळी सुमारे २.४४ किलो भरते, १५/१६ इंची नळी २.०५ किलो आणि ७/८ इंची नळी १.६९ किलो. एक अष्टमांश इंच कमी केल्याबरोबर पाऊण किलो उतरते, कारण वजन जाडीच्या प्रमाणात नव्हे तर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

दुसरी गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. बाहेरची जाडी तीच ठेवली तर मोठ्या बोरची रायफल हलकी होते, कारण मधले पोलाद काढून टाकलेले असते. १ इंची, ३० इंच लांबीची नळी .४५ बोरमध्ये २.५८ किलो, .५० मध्ये २.४४ किलो आणि .५४ मध्ये २.३१ किलो होते. ‘बोर लहान, म्हणजे बंदूक हलकी’ ही समजूत येथे लागू पडत नाही.

रंधा_उदगीर
नळीचा हिशेब मान्य आहे, पण लाकडाला इतक्या लवकर बाजूला सारू नये. आमच्या घरात सुतारकाम पिढीजात आहे, म्हणून लाकडाचे आकडे मी देतो. अर्ध्या दस्त्याच्या रायफलला तयार झाल्यावर साधारण दीड लिटर आकारमानाचे लाकूड उरते असे धरू. अमेरिकन काळ्या आक्रोडाची वाळलेल्या अवस्थेतील घनता ०.६१ च्या आसपास असते, कठीण मेपलची ०.७०, चेरीची ०.५६. त्या हिशेबाने आक्रोडाचा दस्ता सुमारे ९२० ग्रॅम, मेपलचा १०५० ग्रॅम आणि चेरीचा ८४० ग्रॅम होतो. आपल्याकडच्या शिसवाचा केला तर तो सव्वा किलोवर जाईल, कारण शिसवाची घनता ०.८३ च्या घरात असते.

हे आकडे सरासरीचे आहेत. एकाच जातीच्या दोन झाडांच्या लाकडांत लक्षात येण्याजोगा फरक असतो. एकाच झाडाच्या बुंध्यातले आणि वरचे लाकूडही सारखे भरत नाही. नीट न वाळवलेल्या लाकडात पाण्याचे वजन असतेच, शिवाय पुढे ते आक्रसून नळीभोवतीची खाच सैल होते. त्यामुळे आपल्या भावाने जातीचे नाव सांगून थांबू नये, तर कारागिराकडचा प्रत्यक्ष ठोकळा वजन करून निवडावा.

मांजरा_खोरे
रंधा दादा, आपल्याच आकड्यांवरून दिसते की चेरी आणि मेपल यांत २१० ग्रॅमचा फरक आहे, तर १ इंची आणि ७/८ इंची नळीत ७५० ग्रॅमचा. म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर गोदाकाठ काकांच्याच बाजूने जाते. मला एक वेगळी शंका आहे. नळी अष्टकोनी का करतात? गोल केली तर वजन वाचणार नाही का?

वाळूज_लेथ
जरूर वाचेल. तेच १ इंच अंतर ठेवून गोल नळी केली, तर .५० बोरमध्ये ३० इंचांना सुमारे १७० ग्रॅम कमी होतात, कारण अष्टकोनाचे आठ कोपरे निघून जातात. ज्या काळी नळी ऐरणीवर घडवून कानशीने साफ करत, त्या काळी सपाट पैलू पाडणे कारागिराच्या हाताला सोयीचे होते, आणि दृष्टिसाधने (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या खुणा) बसवण्यासाठी सपाट जागाही मिळत असे. म्हणून त्या धाटणीच्या रायफलवर अष्टकोन शोभतो. तो काढला तर ती हॉकेन वाटणार नाही.

मात्र दोन जुन्या युक्त्या आहेत आणि दोन्ही मूळच्याच आहेत. पहिली म्हणजे बुडाकडचा, म्हणजे दस्त्याजवळचा भाग अष्टकोनी आणि पुढचा भाग गोल ठेवणे. दुसरी म्हणजे बुडाशी जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित रुंद होणारी नळी. जर्मन येगर रायफलींवर आणि त्यांच्यापासून निघालेल्या अमेरिकन लांब रायफलींवर ही दुसरी रचना आढळते. स्फोटाचा सर्वाधिक दाब बुडाशी असतो, म्हणून तेथे पोलाद राखायचे आणि पुढे कमी करायचे, असा त्यामागचा विचार आहे. अशी नळी यंत्रावर करायला वेळ लागतो आणि म्हणून ती महाग पडते.

निवृत्त_जमादार_बीड
सर्वजण वजन कमी करण्याच्याच मागे लागलेले दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पोलीस दलात माझी उमेद .३०३ ली-एनफिल्डबरोबर गेली. सव्वापंचवीस इंचांच्या आसपास नळी आणि चार किलोच्या आसपास वजन, अशी ती रायफल होती. खांद्याला धक्का बसत असे, पण तो सोसता येत असे.

त्याच घराण्यातील नंबर ५, जिला जंगल कार्बाइन म्हणतात, ती दुसऱ्या महायुद्धात नंबर ४ रायफलवरून तयार झाली. नळी आखूड केली, नळीच्या बुडाजवळचे आणि मुख्य पेटीचे पोलाद कोरून काढले, पुढचे लाकूड छाटले आणि वजन ४.१ किलोवरून सुमारे ३.२ किलोवर आणले. काडतूस मात्र तेच राहिले. परिणाम असा झाला की तोंडाशी भडका मोठा, म्हणून तो लपवण्यासाठी तोंडावर शंकूच्या आकाराचे नळकांडे बसवावे लागले, आणि धक्का मोठा, म्हणून दस्त्याच्या टोकाला रबर लावावे लागले. गोळीचा आणि दारूचा संवेग तोच राहिला तर मागे येणारी ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ४.१ वरून ३.२ किलो म्हणजे ती ऊर्जा चौथ्या हिश्शाहून अधिक वाढली. ज्याचा खांदा दुखतो त्याने हा हिशेब आधी करावा.

आणखी एक. हॉकेन धाटणीच्या दस्त्याला मागे चंद्रकोरीसारखी वक्र धातूची पट्टी असते. ती खांद्याच्या खळगीत धरली तर तिची टोके रुततात. जुने लोक ती दंडाच्या वरच्या भागावर टेकवत असत. भावाने पट्टी सपाट आणि रुंद करून घ्यावी. वजनातून पाव किलो कमी करण्यापेक्षा खांद्याला त्याचा उपयोग अधिक होईल.

असई_वाचक_जालना
जमादार साहेबांच्या ली-एनफिल्डच्याही मागे जाऊन थोडा इतिहास जोडतो, कारण वजनाचा हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश पायदळाची चकमकी (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक, जिला ब्राऊन बेस म्हणतात, ती अठराव्या शतकात ४६ इंची नळीची होती. पुढे ४२ इंची नमुना आला. आणि ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजांसाठी ३९ इंची नळीचा नमुना वापरला, जो १७९० च्या दशकात फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारनेही स्वीकारला. नळी आखूड झाल्याने वजन साडेचार किलोच्या आसपास आले आणि बंदूक बनवणेही सोपे व स्वस्त झाले. आमच्या जिल्ह्यात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींच्या हातात अशाच युरोपीय धर्तीच्या चकमकी बंदुका होत्या. केळणा आणि जुई यांच्या संगमाजवळच्या त्या रानातून ते ओझे खांद्यावर घेऊन चालत आलेल्या शिपायाला अर्ध्या किलोचे मोल काय असेल, याची कल्पना करता येते.

आता धाग्याच्या विषयाशी थेट जोडणारी गोष्ट सांगतो. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलची नळी ३९ इंच लांब होती आणि लाकूड जवळजवळ तोंडापर्यंत जात होते, तरीही तिचे वजन सुमारे ४.३ किलोच होते. हॉकेन रायफलची नळी तिच्याहून आखूड असूनही जुन्या अस्सल रायफली बहुधा साडेचार ते पाच किलोच्या घरात भरतात. याचे कारण वाळूज सरांनी वर सांगितलेलेच आहे : एनफिल्डची नळी गोल, पुढे निमुळती आणि .५७७ बोरची होती, तर हॉकेनची अष्टकोनी, जाड आणि तुलनेने लहान बोरची होती.

कयाधू_शेतकरी
आमच्या हिंगोलीकडे रानडुकरांचा उपद्रव आहे, म्हणून पीक संरक्षणासाठी परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची देशी बंदूक, काही घरांत आहे. आमच्या घरातली भरमार या अमेरिकन रायफलीपेक्षा लांब आहे आणि तरी हलकी आहे. हे कसे?

वाळूज_लेथ
दादा, भरमारीची नळी आतून गुळगुळीत असते, तिचा बोर मोठा असतो आणि भिंत पातळ असते. लांबी वाढली तरी प्रत्येक सेंटिमीटरमागे पोलाद थोडे लागते. रायफलच्या नळीत आटे कोरायचे असतात, वर दृष्टिसाधनांसाठी खाचा पाडायच्या असतात, आणि नेमबाजीसाठी नळीला ताठपणा हवा असतो, म्हणून तिची भिंत जाड ठेवतात.

मांजरा_खोरे
कयाधू दादांच्या निमित्ताने एक कायद्याची गोष्ट नोंदवतो, कारण तीही नळीच्या लांबीशी निगडित आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वापरायच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे, आणि पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख त्याच पोटकलमात वेगळा केला आहे. म्हणून आपल्याकडे कोणी वजन कमी करण्यासाठी जुनी नळी कापण्याचा विचारही मनात आणू नये. तो गुन्हा ठरतो, आणि जुन्या घडीव नळीच्या बाबतीत जिवाशीही खेळ होतो.

नेमबाज_नांदेड
मी दहा मीटर एअर रायफल प्रकारात खेळते. आमच्या प्रकारात रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, आणि तरीही अनेक जणी त्या मर्यादेच्या जवळ जाणारी रायफल पसंत करतात, कारण स्थिर उभे राहण्यासाठी वजन मदत करते. मात्र ते वजन कोठे आहे, यावर सर्व काही ठरते. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरली तर जड लागते आणि पात्याजवळ धरली तर हलकी लागते. तिचे वजन बदललेले नसते.

गोदाकाठ काका, आपल्या भावाला हलक्या लाकडाचा जो सल्ला मिळाला आहे, त्यात मला एक धोका दिसतो. दस्त्याच्या लाकडाचा मोठा हिस्सा मागे, आधार देणाऱ्या हाताच्या पाठीमागे असतो. समजा तो डावा हात चापाच्या कड्याच्या थोडा पुढे ठेवतो, नळीचे तोंड त्या हातापासून ७० सेंटिमीटर पुढे आहे आणि दस्त्याच्या मागच्या भागाचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर मागे आहे. मागचे २०० ग्रॅम लाकूड कमी केले, तर तोंडाचा खालचा ओढा जवळजवळ ८५ ग्रॅम तोंडाशी लटकवल्याइतका वाढतो. काट्यावर रायफल हलकी दिसेल, पण हातात ती तोंडाकडे झुकेल आणि डावा हात लवकर थकेल. त्याउलट नळीच्या तोंडाकडून पाच सेंटिमीटर कमी केले, तर १ इंची .५० नळीत १६० ग्रॅम कमी होतात आणि तेही सर्वांत अडचणीच्या जागेवरून.

म्हणून माझा क्रम असा राहील : आधी नळीची जाडी, मग नळीची लांबी, आणि लाकडाचा विचार केवळ समतोल जुळवण्यासाठी.

रंधा_उदगीर
ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटले. काही कारागीर दस्त्याच्या मागच्या पट्टीखाली भोक पाडून लाकूड पोकळ करतात, त्याचाही हिशेब करून पाहू. अडीच सेंटिमीटर व्यासाचे आणि बारा सेंटिमीटर खोलीचे भोक पाडले तर आक्रोडाचे जेमतेम ३६ ग्रॅम लाकूड निघते, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे ते चुकीच्या बाजूने निघते. अशा भोकाचा खरा उपयोग उलटा आहे : तोंड जड वाटले तर त्यात शिशाचा तुकडा घालून समतोल मागे आणता येतो.

लाकडाची निवड हलकेपणावरून न करता दस्त्याच्या मनगटाच्या बळकटीवरून करावी. दस्ता जेथे सर्वांत बारीक असतो आणि हाताची मूठ जेथे बसते, तेथे लाकडाच्या रेषा मनगटाच्या दिशेने सरळ गेल्या पाहिजेत. त्या आडव्या कापल्या गेल्या तर धक्क्याने दस्ता तेथेच चिरतो, मग लाकूड कितीही जड आणि कठीण असो. आक्रोडाला जगभर मान मिळाला तो याच कारणाने. ते कोरायला सोपे, वाळल्यावर आपला आकार टिकवणारे आणि धक्का सोसणारे आहे.

असई_वाचक_जालना
रंधा दादा, अर्ध्या दस्त्याने वजन किती वाचते? पूर्ण दस्त्यापेक्षा अर्धा दस्ता हलका असणार, असे मी गृहीत धरत होतो.

रंधा_उदगीर
हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण तेच गृहीत धरतात. पूर्ण दस्त्याच्या पुढच्या भागातील लाकूड फार पातळ असते. नळीच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर आणि खाली गज (दारू-गोळी ठासायची काठी) राहील एवढे. ४५ सेंटिमीटर लांबीच्या त्या भागात जेमतेम ७०-८० ग्रॅम लाकूड असते. अर्ध्या दस्त्यात ते काढून टाकले की गज अडकवण्यासाठी नळीखाली पोलादी पट्टी बसवावी लागते. ती भरीव असेल तर तेवढ्याच लांबीला सव्वाशे-दीडशे ग्रॅम सहज भरते. म्हणजे अर्धा दस्ता घेऊन रायफल पुढून जड होण्याचीच शक्यता अधिक असते. भावाला हॉकेनच हवी असेल तर त्याने ही पट्टी पोकळ करून मागावी.

मांजरा_खोरे
वजनाच्या मर्यादेने नळीचा आकार कसा ठरतो, याचे एक सुंदर उदाहरण १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे झालेला अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना आहे. नेम एक हजार यार्डांपर्यंतचे होते आणि रायफलचे वजन दहा पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंपेक्षा अधिक नसावे असा नियम होता. आयरिश संघ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली वापरत होता, तर अमेरिकन संघ शार्प्स आणि रेमिंग्टन यांच्या मागून भरायच्या रायफली. दूरच्या नेमासाठी लांब नळी हवी आणि वजनाला तर कुंपण घातलेले, म्हणून त्या प्रकारच्या रायफलींवर मागे अष्टकोनी आणि पुढे गोल, निमुळत्या नळ्या दिसतात. वाळूज सरांनी सांगितलेली पहिली युक्ती हीच.

निवृत्त_जमादार_बीड
जाडी कमी करण्याबाबत एक इशारा देऊन ठेवतो. ७/८ इंची नळीत .५४ बोर केला तर पैलूजवळ भिंत सव्वाचार मिलिमीटरच राहते, आणि त्यातूनही बुडाच्या स्क्रूचे आटे व दृष्टिसाधनाची खाच यांची खोली वजा होते. नळी बनवणाऱ्याने त्या जाडीला जो बोर मान्य केला असेल, त्याच्या पुढे ग्राहकाच्या आग्रहाने कोणी जाऊ नये.

वाळूज_लेथ
जमादार साहेबांशी सहमत आहे. .५४ साठी १५/१६ इंच जाडी योग्य वाटते. ३० इंचांना ती नळी सुमारे १.९३ किलो भरते. २८ इंचांना १.८० किलो. म्हणजे १ इंची .५० नळीपेक्षा अर्धा किलो सहज वाचतो आणि भिंत पाच मिलिमीटर राहते.

गोदाकाठ_परभणी
सर्वांचे मनापासून आभार. धागा भावाला वाचून दाखवला आणि त्याने कारागिराशी बोलून निर्णय घेतला आहे. नळी १५/१६ इंची, .५४ बोर, ३० इंच लांब. खालची पट्टी पोकळ. दस्ता आक्रोडाचा, रेषा पाहून निवडलेला. मागची पट्टी सपाट. नळी १.९३ किलो, लाकूड सुमारे ०.९२ किलो आणि कळ, चाप, पट्ट्या वगैरे धातूकाम एक किलोच्या आत धरले, तर एकूण चार किलोच्या आत बसते. ३० इंची नळीच का, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की दोन्ही दृष्टिसाधनांमधील अंतर कमी झाले तर उभ्याने नेम धरताना चूक वाढते, म्हणून ती दोन इंच त्याला सोडायची नाहीत.

एक शंका उरली आहे. कारागिराने दिलेले नळीचे वजन आपल्या हिशेबापेक्षा सुमारे शंभर ग्रॅम जास्त आहे.

वाळूज_लेथ
ते बुडाचा स्क्रू आणि त्याची मागची शेपटी धरून सांगितलेले वजन असावे. ती दोन्ही भरीव पोलादाची असतात आणि मी केवळ नळी मोजली होती. भावाला एवढे विचारायला सांगा की ते वजन स्क्रू बसवल्यानंतरचे आहे की आधीचे. आधीचे असेल तर नळीची जाडी कॅलिपरने तीन ठिकाणी मोजून घ्यावी.